जपानी शिकताना : ‘कोण’ला ‘वा’ का लागत नाही?

(‘वा’, ‘गा’, ‘नि’, ‘दे’, ‘ओ’ हे जपानीतले पार्टिकल, म्हणजे आपल्या प्रत्ययांसारखे शब्दामागे लागणारे छोटे शब्द. जपानी वाक्यं अक्षरांप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. ‘देसु’, ‘मासु’ यांतला शेवटचा ‘उ’ बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही.)

प्रश्न : ‘कोण येणार?’ यासाठी मी ‘दारे वा किमासु का’ लिहिलं, ते चूक ठरलं. पण ‘तानाका-सान वा दारे देसु का’ (तानाका कोण आहेत?) हे वाक्य बरोबर आहे म्हणतात. मग ‘दारे’बरोबर ‘वा’ चालतो की नाही?

वाक्यात चालतो, पण ‘दारे’ला चिकटून नाही. ‘वा’ (लिहिताना अक्षर ‘हा’चं) लावला की ‘आता याच्याविषयी बोलू’ असं सांगितलं जातं. ज्याच्याविषयी बोलायचं, तो निदान माहीत तरी हवा. ‘दारे’ म्हणजे कोण हेच ठाऊक नसताना त्याच्याविषयी काय बोलणार? म्हणून इथे कर्त्याला लागणारा ‘गा’ : ‘दारे गा किमासु का’. ‘नानि गा’ (काय), ‘दोरे गा’ (कोणतं), ‘दोचिरा गा’ (दोहोंतलं कोणतं) यांचंही तसंच. तुमच्या दुसऱ्या वाक्यात ‘वा’ तानाकांना लागलाय, ‘दारे’ला नाही. तेच उलटवून ‘दारे गा तानाका-सान देसु का’ म्हटलंत, तर अर्थ होतो ‘यांच्यातले तानाका कोण?’

उत्तर देताना खरी गफलत होते. प्रश्नात ‘गा’ असेल तर उत्तरातही ‘गा’च ठेवा : ‘तानाका-सान गा किमासु.’ तिथे ‘वा’ घातलात, तर ऐकणाऱ्याला ‘तानाका तर येणार आहेत’ असं ऐकू येतं, आणि बाकीच्यांचं काय हा प्रश्न त्याच्या मनात राहतो. मराठीतला हा ‘तर’ लक्षात ठेवला की ‘वा’ची ही छटा सहज पकडता येते.

प्रश्न : ‘नान्-जि नि’ (किती वाजता) बरोबर आणि ‘इत्सु’ला (कधी) ‘नि’ लावून ‘इत्सु नि’ चूक, असं का?

मराठीत पाहा. आपण ‘किती वाजता’ म्हणतो, पण ‘कधीला’ म्हणत नाही. ‘सोमवारी’, ‘तीन वाजता’ यांना प्रत्यय असतो. ‘काल’, ‘आज’, ‘उद्या’ यांना नसतो. जपानीतही ‘सान्-जि नि’ (तीन वाजता), ‘गेत्सुयोबि नि’ (सोमवारी), पण ‘किनो’, ‘क्यो’, ‘आशिता’ मोकळे. ‘इत्सु’ या मोकळ्यांच्याच पंगतीतला. वाराचा ‘नि’ बोलताना गाळला तरी चालतो, घड्याळाच्या वेळेचा मात्र गाळू नका.

हे साम्य एका ठिकाणी दगा देतं. आपण ‘पुढच्या वर्षी’, ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘राइनेन नि’, ‘राइश्यू नि’ लिहितो. दोन्ही चूक. जी वेळ ‘आज’वरून मोजली जाते (पुढचं वर्ष, गेला महिना), तिला ‘नि’ नाही. जी घड्याळात किंवा कॅलेंडरात नेमकी दाखवता येते, तिला ‘नि’.

‘इत्सु कारा’ (कधीपासून) आणि ‘इत्सु मादे’ (कधीपर्यंत) मात्र बिनधास्त वापरा. ‘इत्सु मादे नि’ दिसलं तर दचकू नका : त्याचा अर्थ ‘कधीच्या आत’, आणि तिथला ‘नि’ हा ‘मादे’ला लागलेला असतो.

प्रश्न : ‘कुठे’ला ‘दोको नि’ म्हणायचं की ‘दोको दे’?

इथे मराठीची मदत संपते, कारण आपला एकच ‘कुठे’ दोन्हीकडे चालतो. काही असणं, राहणं किंवा तिथे पोचणं असेल तर ‘नि’. काही करणं किंवा घडणं असेल तर ‘दे’. ‘दोको नि सुन्दे इमासु का’ (कुठे राहता?), ‘दोको दे हातारा‌इते इमासु का’ (कुठे काम करता?). ‘कुठे जाता?’ला ‘दोको नि’ किंवा ‘दोको ए’, दोन्ही चालतात.

क्रियापद ‘आरिमासु’ (आहे) दिसलं की डोळे मिटून ‘नि’ लावायची सवय मात्र घातक. ‘काइगिशित्सु वा दोको नि आरिमासु का’ म्हणजे बैठकीची खोली कुठे आहे. पण ‘काइगि वा दोको दे आरिमासु का’ म्हणजे बैठक कुठे आहे. खोली असते, बैठक होते. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ बसत असेल तर ‘दे’.

प्रश्न : ‘तुला काय आवडतं?’ला ‘नानि ओ सुकि देसु का’ का चालत नाही?

‘सुकि’ हे क्रियापद नाही, त्यामुळे त्याला ‘ओ’ लागणारं कर्म नसतं. ‘नानि गा सुकि देसु का’ म्हणा. ‘मला आंबा आवडतो’मध्ये क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, तोच ‘गा’ समजा. ‘होशी’ (हवं) आणि ‘वाकारिमासु’ (समजतं) यांनाही हेच लागू. फक्त ‘मला’चा ‘ला’ पाहून ‘वाताशि नि’ लिहू नका. ‘वाताशि वा’ लिहा.

प्रश्न : ‘नानिका’ आणि ‘नानि ओ’ यांत फरक काय?

‘काही खाल्लंत का?’ आणि ‘काय खाल्लंत?’ यांत जो, तोच. ‘नानिका ताबेमाशिता का’ला आधी हो-नाही उत्तर द्यायचं, ‘नानि ओ ताबेमाशिता का’ला पदार्थाचं नाव. ‘काहीच नाही’साठी ‘नानि मो’ आणि क्रियापद नकारार्थी : ‘नानि मो ताबेमासेन.’ ‘मो’ आला की ‘गा’ आणि ‘ओ’ गळतात, बाकीचे पार्टिकल मात्र टिकतात आणि ‘मो’च्या आधी बसतात : ‘दारे नि मो’ (कोणालाच), ‘दोको ए मो’ (कुठेच). ‘का’ लावताना क्रम उलटतो : ‘दारेका नि’, ‘दोकोका ए’. ‘इत्सुमो’ अपवाद : त्याचा अर्थ ‘नेहमी’, आणि त्याला नकार लागत नाही.

प्रश्न : ‘नान’ कधी आणि ‘नानि’ कधी?

‘गा’, ‘ओ’, ‘मो’, ‘का’ यांच्या आधी ‘नानि’. ‘देसु’, ‘नो’, ‘तो’ यांच्या आधी आणि मोजणीत ‘नान’ : ‘नान देसु का’, ‘नान नो होन’ (कशाचं पुस्तक), ‘नान्-निन’ (किती जण). ‘दे’च्या आधी दोन्ही येतात, पण ‘नान दे’चा अर्थ ‘का?’ असाही होतो. ‘कशाने जाणार?’ विचारायचं असेल तर ‘नानि दे इकिमासु का’ म्हणा, म्हणजे समोरचा ‘का जाताय’चं कारण सांगत बसणार नाही.