"आत्ती उपाशी गेल्या का?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या एका खेड्यातून ती माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. सासू जाऊन चार महिने झालेले. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, मी आत्तींना उपाशी मारलो."

आमच्या सीमाभागात बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. त्या दिवशी मात्र त्या 'मारलो'नं माझ्या अंगावर काटा आला.

सासूबाईंना यकृताचा कॅन्सर होता. "घरी न्या, त्रास होणार नाही एवढंच बघू," असं डॉक्टरांनी सांगितलेलं. शेवटचे आठ दिवस त्यांनी जवळजवळ काहीच खाल्लं नाही. नाकातून नळी घालायची नाही, हे हिनं आणि नवऱ्यानं मिळून ठरवलं. दहाव्याला मलप्रभेच्या काठी पिंड ठेवला, तर दोन तास कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हा नणंद सगळ्यांदेखत म्हणाली, "पोटात काय न्हवतंच, शिवतोय कसा?"

'शेवटी पोटात काही गेलं नाही' ही खंत माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत असते. मी तिला लगेच समजावायला लागले. माणूस जायला लागलं की शरीराचं काम मंदावतं, पचन मंदावतं, भूक आपोआप मरते. गिळण्याची ताकद गेलेली असताना बळंच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया होऊ शकतो. सलाईनचं पाणीसुद्धा पेलत नाही, अंगावर सूज येते, छातीत घरघर वाढते. सगळं खरं होतं. ती मान डोलवत राहिली आणि पुढच्या दोन वेळा आलीच नाही. चूक माझी. ती सांगायला आली होती आणि मी शिकवत बसले.

तिसऱ्या खेपेला नवऱ्याला घेऊन आली. त्याला वेगळीच भीती, नळी न घालणं गुन्हा तर नाही? त्याला सांगितलं, सन्मानानं मरण येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच म्हटलंय. तुमच्या घरी तर चालू असलेलं यंत्रही कुणी काढलेलं नव्हतं. तो जरा सैलावला, बाहेर चहाला गेला.

मग तिला एवढंच विचारलं, "शेवटच्या दिवशी काय काय केलंत?"

"पेज केलो. गाळून, मीठ घालून. चमचा ओठाला लावलो तर आत्ती तोंड मिटून घेतल्या. परत लावलो. भिंतीकडं मान फिरवल्या."

"मग?"

"मग वाटी ठेवून दिलो. कापूस पाण्यात बुडवून ओठ पुसलो. तूप लावलो, फाटले होते म्हणून."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोण सांगतंय? दिसत होतं की."

घरी येणारी प्रशिक्षित नर्सही त्या वेळी हेच करते, कोरडं पडलेलं तोंड ओलं ठेवते. कारण तेव्हा त्रास भुकेपेक्षा कोरड्या तोंडाचा जास्त असतो. हे मी तिला सांगितलं, पण या वेळी शेवटी. ती खूप वेळ रडली. सासूनं मान फिरवली म्हणजे रागावल्या, असं ती चार महिने धरून बसली होती.

चार महिन्यांत रडू येणं, मधूनच वाटी बघून थबकणं, हा आजार नव्हे. वर्ष उलटलं तरी रोजचं काम सुधरेना, दुःखाची धार तशीच राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव नकोसा वाटला तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, कन्नड न येणाऱ्यांशी मराठीतही बोलतात.

भाद्रपदात म्हाळ झाल्यावर तिचा फोन आला. पेज केली होती, मीठ घालून, पानात पहिली तीच वाढली.

"आणि कावळा?" माझ्या तोंडून गेलंच.

"आला न्हाई," ती म्हणाली. "चिंच तोडलेत न्हवं रस्त्यासाठी. कावळा बसतोय कुठं?"