चांगभलं म्हणणाऱ्या सासूबाईंचं तारण

प्रश्न : माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. विस्मरणाच्या आजारामुळे त्या आता मला काय, स्वतःच्या मुलालाही ओळखत नाहीत. प्रभूची प्रार्थना म्हणताना अर्ध्यावर अडतात. ख्रिस्ती अभंगाची पहिली ओळ मात्र कुणी धरून दिली की शेवटपर्यंत म्हणतात. त्यांचं माहेर जोतिबाच्या डोंगराखालचं, बाप्तिस्मा लग्नानंतरचा. हल्ली पहाटे उठून बसतात आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणतात. आमच्या घरच्या प्रार्थनासभेला आलेल्या एका उपदेशकांनी ते ऐकलं आणि ‘शेवटपर्यंत टिकेल तोच तारला जाईल’ हे वचन आम्हाला वाचून दाखवलं. तेव्हापासून ह्यांची झोप उडाली आहे. मला वेगळीच शंका आहे. योहान १७:३ मध्ये देवाला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन असं म्हटलंय. ज्यांना कुणाचीच ओळख राहिली नाही, त्यांनी काय करायचं?
– एक सून, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या मालकांना झोपायला सांगा.

उपदेशकांनी वाचलेलं वचन मत्तय २४:१३. ते असं सुटं काढून कुणाच्या अंगावर टाकू नये. त्याच्या वरच्या ओळी वाचा. छळ होईल, लोक अडखळतील, एकमेकांना धरून देतील, खोटे संदेष्टे उठतील, अधर्म वाढून पुष्कळांची प्रीती थंडावेल. हे सगळं माणूस शुद्धीवर असताना करतो, भीतीनं नाहीतर लोभानं. तिथं बजावलंय ते पाठ फिरवणाऱ्याला. सासूबाईंनी कुणाकडेही पाठ फिरवलेली नाही, त्यांचा मेंदू आजारी आहे. अर्धांगवायूनं हात लुळा पडलेल्या माणसाला ‘तू दानपेटीत पैसे टाकायचं सोडलंस’ असं आपण म्हणतो का?

ते उपदेशक पुन्हा आले तर त्यांना चहा द्या आणि सासूबाईंशेजारी अभंग म्हणायला बसवा. चाल येत नसेल तर सासूबाई शिकवतील.

तुमची शंका मात्र त्यांच्या वचनापेक्षा वजनदार आहे. योहानाचं ते वाक्य येशूच्या प्रार्थनेतलं आहे, पकडला जाण्याच्या आदल्या घटकेचं. ओळखणं म्हणजे तिथं नाव, गाव, पाठांतर नव्हे. कुणाचं तरी होऊन राहणं. आणि ही ओळख कोणत्या बाजूनं सुरू होते, तेही पाहा. गलतीकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौल बोलता बोलता स्वतःलाच दुरुस्त करतो : तुम्ही देवाला ओळखता, किंबहुना देवानंच तुमची ओळख करून घेतली (४:९). करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातही तेच. लग्नात हा अध्याय वाचतात तेव्हा बाराव्या वचनापर्यंत लोकांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं, म्हणून ते कुणाला आठवत नाही. आता मला अंशतः कळतं, पण पुढे, मी जसा पूर्ण ओळखला गेलो आहे तसा मी पूर्ण ओळखीन, असं पौल म्हणतो. म्हणजे आपली सगळ्यांचीच ओळख अर्धवट आहे, माझीही आणि त्या उपदेशकांचीही. पूर्ण ओळख आहे ती पलीकडून. यशया ४९:१५ तर तुमच्या घरासाठीच लिहिल्यासारखं आहे. आईला एकवेळ तान्ह्या बाळाचा विसर पडेल, पण मला तुझा पडणार नाही, असं देव तिथं म्हणतो. सासूबाई आपल्या लेकराला विसरल्यात, ते घडू शकतं हे पवित्र शास्त्राला ठाऊक आहे.

मालकांनी मार्काचा दुसरा अध्याय वाचावा. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं. येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला आणि मग त्या खाटेवरच्या माणसाला पापक्षमेचा शब्द दिला. खाटेवरचा काही बोलल्याचं मार्क लिहीत नाही. सध्या तुमच्या घरी खाटेचे कोपरे तुमच्या हातात आहेत.

अभंग टिकला याचं मला नवल वाटत नाही. या आजारात लहानपणी नि तरुणपणी गाऊन गाऊन मुरलेलं बहुधा उशिरापर्यंत राहतं. आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलमधली कथा, ओवीत रचलं, कारण ते लोकांना गाऊन ऐकवायचं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांनी अभंग नि कीर्तन मंडळीत आणलं. त्याला तेव्हाही नाकं मुरडणारे होते. आज त्या चालींवर तुमच्या सासूबाई प्रार्थना करताहेत, कारण गद्य प्रार्थना त्यांना आता धरता येत नाही.

आता चांगभलं. कोल्हापुरात मिशनचं काम अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली सुरू केलं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी, फार तर पाच-सहा पिढ्यांमागं, जोतिबाच्या यात्रेतल्या सासनकाठीमागून गुलालात न्हाऊन डोंगर चढलेलं आहे. सासूबाईंच्या बाबतीत ती पिढी त्या स्वतःच. आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि परकरातली पोर वर येते. पहाटे बोलते ती ती पोर. तिला दटावू नका, ‘असं म्हणू नका आई’ म्हणून दुरुस्तही करू नका. त्या घाबरतील आणि काय चुकलं ते त्यांना कळणार नाही. त्यांचं म्हणून झालं की तुम्ही शेजारी बसून अभंगाची पहिली ओळ धरा. देवाला यात फसवल्यासारखं होत नाही. अंतःकरण पारखणारा तो आहे, तोंडातून निसटलेल्या शब्दांची वही ठेवून तो बसलेला नाही.

वाचून दाखवताना त्यांनी ज्या जुन्या भाषांतरातून पाठ केलं तेच घ्या. नवं सोपं भाषांतर तुम्हाला बरं वाटेल, पण त्यांच्या कानाला ते परकं. स्तोत्र २३ पासून सुरुवात करा.

प्रभुभोजनाचं, म्हणजे मंडळीतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीचं, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पाळकांना घरी बोलवा. आता कळत नाही म्हणून ते बंद करायचं काही कारण नाही. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून भाकरीचा अगदी बारका तुकडा द्राक्षरसात भिजवून द्या आणि त्या वेळी त्यांना आडवं ठेवू नका, उशी लावून नीट बसवा.