नुकताच ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) झालाय, कोल्हापुरात राहतो. सेकंडहँड स्कूबा सेट मिळतोय, घ्यावा का?

पूर्ण सेट आत्ता घेऊ नका. आपल्यापासून मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात पावसाळाभर तिथलं डायव्हिंग बंद. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात देणारं उपकरण, बहुतेक वेळ कपाटातच राहणार; आणि वापरा न वापरा, वर्षाची सर्व्हिसिंग आलीच. ते भाड्याने घ्या.

पहिले पैसे मास्कवर घाला. पंचगंगेत पोहायला शिकलेल्या माणसाला पोहण्याचा चष्मा पुरेसा वाटतो, पण त्यात नाक बाहेर राहतं. दहा मीटर खाली दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि नाकातून हवा सोडून तो सारखा करता आला नाही तर डोळ्यांना इजा होते. पूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्कलिंगचा मास्कही चालत नाही.

मास्क दुकानात जाऊनच घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, कपाळावरचे केस मागे सारा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. श्वास धरलाय तोवर मास्क पडला नाही तर माप बरोबर. तोंडात माउथपीस धरून पुन्हा बघा, कारण तेव्हा गालांचा आकार बदलतो. मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपतं. ती काढायला नको. नाकाला लागून असलेली बारीक पट्टी वस्तऱ्याने साफ केली की भागतं. व्हॅसलिन मात्र लावू नका, सिलिकॉन खराब होतं. नव्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून काढा, नाहीतर काच सारखी धुरकट होईल.

मास्कनंतर फिन्स, म्हणजे पायात घालायचे पोहण्याचे पंख. मागे पट्टा असलेल्या घ्यायच्या तर डायव्हिंगचे बूट पायात घालूनच मापा.

आता तुमचा सेकंडहँड सेट. सिलिंडर अजिबात नको: त्याची ठरावीक मुदतीने दाबाची चाचणी करून घ्यावी लागते, आणि डाइव्हला भरलेला सिलिंडर सेंटरवाले देतातच. सर्व्हिसिंगचे कागद नसतील तर रेग्युलेटर सोडून द्या. बीसीडी, म्हणजे पाण्यात वर-खाली तरंगणं सांभाळायचं हवेचं जाकीट, आवडलं असेल तर तोंडाने गच्च फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी सैल पडलं तर कुठेतरी गळतंय.

महागातली एकच वस्तू लवकर घ्या असं मी सांगेन, ती म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. खोली आणि वेळ मोजून, डाइव्हनंतर उंचीवर जायला किती थांबायचं तेही हे मनगटावरचं यंत्र दाखवतं. आपल्याला तर तो जास्तच लागतो. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये, हे कोर्समध्ये शिकवलं असेल; उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८. पण हा नियम साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागतो. कोल्हापूर सुमारे ५५० मीटरवर आणि वाटेतला गगनबावडा त्याहून वर, म्हणजे गाडीने घाट चढणंही त्यात आलं. तेव्हा रविवारी डाइव्ह करून संध्याकाळी परतायचा बेत नको. शनिवारी डाइव्ह करा, रात्री मालवणातच राहा आणि रविवारी जेवून निघा.