रोझेग खोऱ्यात जाण्याआधी सायकलच्या टायरची हवा बघ

स्वित्झर्लंडमधल्या पाँट्रेसिनाहून रोझेग खोऱ्यात जाणारा खडीचा रस्ता साधारण ७ किलोमीटर. खासगी गाड्यांना बंदी, घोडागाड्या मात्र असतात. चढ जेमतेम २०० मीटर, म्हणून पायांपेक्षा टायरची काळजी कर. मुंबईत रोडबाइकला ठोकून ८० पीएसआय भरायची सवय इथे नडते: चाक खडीवर नाचतं, वळणावर सटकतं. वजन ७० किलो आणि टायर ४० मिमी ट्यूबलेस असेल तर ३२च्या आसपास ठेव. रिमवर ‘ठक्’ ऐकू आलं तर २-३ वाढव. आपल्या उकाड्यात सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) दोन-तीन महिन्यांत सुकून टायरमध्ये रबराच्या गोळ्या होतात, तेव्हा निघण्याआधी तपासून नवं भर. उतारावर ब्रेक वळणाआधीच. घोड्यांच्या मागे आलास की वेग कमी करून गाडीवानाला हाक दे. हातमोजे जुलैतही हवेत. गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबला जात नाही.