समोर नसलेल्या खेळणाऱ्याशी बोलताना

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गडकरी रंगायतनाच्या पायऱ्यांवर, तुमची एकांकिका संपल्यानंतरच्या गर्दीत, तू मला जो प्रश्न विचारलास त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. छोट्या, स्वतंत्र संघांनी केलेल्या व्हिडिओ गेमना आवाज देण्याचे काम हा आयुष्यभराचा व्यवसाय होऊ शकतो का, असे तू विचारले होतेस. होऊ शकतो; परंतु सुरुवातीची काही वर्षे या एकाच कामावर घरखर्च चालणार नाही, हे आधीच धरून चाल. मी स्वतः आजही डबिंग करते, ऑडिओबुक वाचते, अधूनमधून जाहिरातींना आवाज देते आणि त्या सगळ्याच्या जोडीने गेमचे काम करते. घरी आईवडिलांनाही हे असेच स्पष्ट सांग, कारण त्यांची काळजी रास्त आहे.

आता मुख्य गोष्ट. नाटकात तुझ्यासमोर सहकलाकार असतो आणि अंधारात प्रेक्षक असतात. त्यांचा श्वाससुद्धा तुला ऐकू येतो आणि त्यावर तू पुढचे वाक्य पेलतेस. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ तुला बांधून ठेवतात. गेममध्ये यातले काहीच नसते. तुझ्या हाती एक एक्सेल शीट येते, तिच्यात प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, शेजारी पात्राचे नाव असते आणि नशीब चांगले असेल तर प्रसंगाविषयी चार शब्द असतात. ओळी गोष्टीच्या क्रमाने असतीलच असे नाही, कारण गोष्ट कोणत्या क्रमाने घडेल हे खेळणारा ठरवणार असतो. त्या खेळणाऱ्याला तू कधी भेटणार नाहीस, आणि तरीही तोच तुझा सहकलाकार आहे. माझ्या सगळ्या अनुभवाचे सार या एका गोष्टीत आहे, आणि ते मला फार उशिरा कळले.

कसे कळले ते सांगते. ऐरोलीत राहणाऱ्या दोन तरुणांनी एक लहानसा गेम केला होता आणि त्यातल्या आईचा आवाज मी दिला होता. शीटमध्ये एका ओळीत एकच शब्द होता, ‘थांब’, आणि शेजारच्या रकान्यात ‘आई, काळजीने’ असे लिहिलेले होते. मी माझ्या रंगभूमीच्या सवयीने तो शब्द पोटातून काढला, शेवटच्या अक्षरावर आवाज थोडा फोडला, आणि फाइल पाठवून दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावून गेम दाखवला. अंधारात विहिरीच्या काठाशी चालत जाणारा एक मुलगा होता, आणि तो काठाजवळ आला की माझा ‘थांब’ ऐकू येत होता. पाय चुकला की मुलगा पडायचा, खेळ मागच्या वळणापासून पुन्हा सुरू व्हायचा आणि पुन्हा माझा ‘थांब’. दहा मिनिटांत मी तो अकरा वेळा ऐकला. पहिल्यांदा काळजात चर्र झाले, तिसऱ्यांदा तो मोठा वाटला आणि सहाव्यांदा मला स्वतःलाच तो बंद करावासा वाटला. त्यांच्याच खोलीत, पांघरूण डोक्यावर घेऊन, मी तो शब्द पुन्हा तीन प्रकारे रेकॉर्ड केला: एक जवळून, जवळपास श्वासात, एक अर्धवट गिळलेला, आणि एक असा की ज्याच्या आधी मी नुसता श्वास घेतला आणि शब्द अगदी हलका ठेवला. त्यांनी गेममध्ये अशी व्यवस्था केली की या तिन्हींपैकी कोणताही एक लागेल, पण लागोपाठ दोनदा तोच लागणार नाही. त्यानंतर त्या विहिरीपाशी खरोखर कोणाची तरी आई असल्यासारखे वाटू लागले.

म्हणून कोणतीही शीट हातात आली की बोलण्याआधी विचारायला शीक. ही ओळ वाजण्यापूर्वी खेळणाऱ्याने नुकतेच काय केलेले असेल, तो पळत असेल की निवांत उभा असेल, ऐकणारे पात्र हाताच्या अंतरावर आहे की नदीपलीकडे, ही ओळ एकदाच लागणार आहे की शंभरदा, आणि ती मध्येच तोडली जाऊ शकते का, हे प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. उलट, छोट्या संघातल्या माणसांना असे विचारणारा कलाकार भेटला की हायसे वाटते, कारण गेम डोक्यात घेऊन ते महिनोन्महिने एकटेच जगत असतात.

यासाठी तुला गेम खेळावे लागतील. २०११ साली आलेला ‘बॅस्टियन’ आवर्जून खेळ. त्यात निवेदक खेळणाऱ्याच्या हालचालींवर बोलत राहतो आणि आपल्या प्रत्येक कृतीकडे कोणाचे तरी लक्ष आहे असे वाटते. २०१३ सालच्या ‘द स्टॅनली पॅरेबल’मध्ये निवेदक सांगतो एक आणि खेळणारा करतो दुसरेच, आणि त्या अवज्ञेवर निवेदकाचा स्वर कसा बदलत जातो ते ऐकण्यासारखे आहे. खेळताना वही जवळ ठेव आणि कोणती ओळ कितव्या वेळी कंटाळवाणी झाली याची नोंद कर. अभिनयाच्या कोणत्याही कार्यशाळेत हे शिकवले गेलेले मी पाहिलेले नाही.

‘बॅस्टियन’चा आणखी एक धडा आहे, तो व्यवसायाचा. तो गेम करणाऱ्या सुपरजायंट या छोट्या संघातील संगीतकार डॅरेन कोर्ब आणि निवेदक लोगन कनिंगहॅम हे एकाच घरात राहणारे मित्र होते, आणि निवेदन कोर्ब यांच्या घरातल्या कपड्यांच्या कपाटात रेकॉर्ड झाले. त्याच संघाने पुढे ‘ट्रान्झिस्टर’, ‘पायर’ आणि २०२० मध्ये ‘हेडिस’ हे गेम केले आणि प्रत्येकात कनिंगहॅम यांचा आवाज आहे. ‘हेडिस’मध्ये तर त्यांनी एकाहून अधिक पात्रे केली, आणि त्या गेममध्ये रेकॉर्ड केलेल्या ओळी वीस हजारांच्या वर आहेत. या क्षेत्रातील उभारणी बहुतेक वेळा अशीच होते. अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये जसे समन्वयकाचा फोन येण्याची वाट पाहतात, तशी इथे वाट पाहून उपयोग नाही. गेम करणारी माणसे आज लहान असताना त्यांच्याजवळ जा. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम होतो, त्यात दोन-तीन दिवसांत लोक एकत्र बसून छोटा गेम करतात. शिवाय इच डॉट आयओ या संकेतस्थळावर वर्षभर असे जॅम चालू असतात. तिथे जाऊन ‘मी आवाज देते, फाइल स्वच्छ करून, नावे देऊन आणून देते’ एवढे सांगितलेस तरी कोणत्या ना कोणत्या गटात तुला जागा मिळेल. जॅमचे काम बिनपैशाचे असते आणि तसे ते करायला हरकत नाही, कारण तिथे कोणीच कोणाकडून कमावत नसते. मात्र जो गेम पुढे विकला जाणार आहे, त्यात फुकट आवाज देऊ नकोस.

आपल्या जवळही काम आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला, त्याची गोष्ट दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते आणि नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले. अशा गेममध्ये आपले उच्चार ही अडचण ठरत नाही. ‘दुर्गा’, ‘महिषासुर’, ‘अर्घ्य’ हे शब्द सहज आणि स्वच्छ उच्चारणारा कलाकार बाहेरून आणावा लागू नये, तो ठाण्या-पुण्यातच मिळावा, असे मला मनापासून वाटते. म्हणून तुझे ण आणि न, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च, महाप्राण अक्षरे यांचा सराव कधी सोडू नकोस, आणि इंग्रजी बोलताना उसने परदेशी वळण घेऊ नकोस.

आता घशाविषयी, कारण इथे माझे स्वतःचे नुकसान झालेले आहे. गेममध्ये शब्दांपेक्षा इतर आवाज पुष्कळ लागतात: उडी मारताना, मार खाताना, उंचावरून पडताना, मरताना. यांना या धंद्यात ‘एफर्ट्स’ म्हणतात. अनेक वर्षांपूर्वी एका स्टुडिओत सकाळी पोहोचल्याबरोबर माझ्याकडून सलग तीन तास किंकाळ्या करून घेतल्या आणि दुपारी त्याच पात्राचे हळवे संवाद घेतले. मी नवीन होते, नाही म्हणायचे धाडस झाले नाही. संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी कोणते स्टेशन आले असे विचारले आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. पुढचे सहा आठवडे डॉक्टरांनी काम बंद ठेवायला लावले, आणि माझ्या आवाजाची वरची पट्टी पूर्वीसारखी आजही लागत नाही. तेव्हा ओरडण्याचे काम नेहमी सत्राच्या शेवटी ठेवायला सांग, ते दोन तासांपेक्षा जास्त करू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी कोणतेही रेकॉर्डिंग घेऊ नकोस. अमेरिकेतील कलाकारांच्या संघटनेने २०१६-१७ मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध जो दीर्घ संप केला, त्यातही घशावर ताण आणणारी सत्रे हा एक मुद्दा होता. म्हणजे ही नवख्यांची तक्रार नाही, अनुभवी कलाकारांची मागणी आहे. आवाज तीन-चार दिवसांत पूर्ववत झाला नाही तर घरगुती काढ्यांवर थांबू नकोस, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

स्वतंत्र गेमचे बहुतेक काम तुला घरूनच करावे लागेल, आणि ठाण्यातले घर शांत नसते. खाली रिक्षा, वर पारवे, शेजारी कुकरच्या शिट्ट्या, पावसाळ्यात खिडकीच्या पत्र्यावर पडणाऱ्या सरी, आणि वारा आपल्या दिशेने असला की लोकलचा भोंगा. महागडा माइक आधी घेऊ नकोस. चांगला माइक हे सगळे आवाज अधिकच चांगले पकडतो. आधी खोली सुधार. माझ्याकडे अजूनही भिंतीला लागून उभे कपाट आहे, त्यातल्या फळ्या काढून आत तिन्ही बाजूंना आजीच्या हातच्या गोधड्या लावल्या आहेत, कारण जुन्या लुगड्यांचे ते जाड थर खोलीतला घुमारा शोषून घेतात. पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद करून दहा सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड कर आणि हेडफोनवर ऐक. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या आवाजाच्या मापकावर ती शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली असली पाहिजे. माइकपासून तोंड एक वीत अंतरावर आणि किंचित तिरपे ठेव. बहुतेक ठिकाणी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (म्हणजे एकाच वाहिनीची) वेव्ह फाइल मागतात, तरी सुरुवात करण्याआधी विचार. आणि फाइलचे नाव शीटमधल्या क्रमांकाप्रमाणेच दे, एका अक्षराचाही फरक नको. शेकडो फाइल संगणक नावावरून उचलतो, आणि चुकीच्या नावाची ओळ गेममध्ये मुकीच राहते. वेळेवर, नीट नावे दिलेल्या, स्वच्छ फाइल देणारा कलाकार दुसऱ्या गेमला पुन्हा बोलावला जातो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की अभिनयाच्या बरोबरीने मी त्याला महत्त्व देते.

डेमो, म्हणजे काम मागताना पाठवायचा आवाजाचा नमुना, दीड मिनिटापेक्षा मोठा करू नकोस आणि त्यात पार्श्वसंगीत घालू नकोस. पहिल्या दहा सेकंदांत तुझा नेहमीचा, सहज आवाज असू दे.

कराराशिवाय एकही ओळ पाठवू नकोस, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी. मोबदला ओळींवर आहे, शब्दांवर आहे की तासांवर, किती वेळा दुरुस्ती करून द्यायची, श्रेयनामावलीत नाव कसे येईल आणि गेम प्रसिद्ध झाल्यावर तो तुकडा तू डेमोत वापरू शकशील का, हे लिहून घे; निम्मी रक्कम आधी माग. ‘गेम विकला गेला की वाटा देऊ’ एवढ्यावरच काम करू नकोस, कारण बहुतेक छोटे गेम प्रामाणिकपणे केलेले असूनही फारसे विकले जात नाहीत. आणि एक कलम आता सोडून चालणार नाही: तुझ्या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज तयार करायचा नाही, आणि करायचा असेल तर त्यासाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळा मोबदला. याच प्रश्नावर अमेरिकेतील गेम कलाकार जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संपावर होते. आपल्याकडेही जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने होणारी नक्कल अंतरिम आदेशाने रोखली. ते नामवंत आहेत, न्यायालयात जाऊ शकले. तुला आणि मला हे कलम करारातच घालून घ्यावे लागते. एखाद्या संघाने त्याला नकार दिला तर ते काम सोड. मी असे काम सोडले आहे, आणि तेव्हा मला पैशांची गरज होती.

येत्या शनिवारी दुपारी तीनला घरी ये; त्या वेळी आमच्या गल्लीत जरा शांतता असते. येताना फोनवरच ‘थांब’ हा शब्द तीन प्रकारे रेकॉर्ड करून आण, आणि प्रत्येक वेळी ऐकणारा कुठे उभा आहे, त्याने नुकतेच काय केले आहे, ते कागदावर लिहून आण. कागद मी नंतर पाहीन. आधी नुसते ऐकून मला ते ओळखता येते का ते बघू, आणि मग कपाटात बसून आपण तो शब्द पुन्हा घेऊ.

तुझी,
ताई