खंडपीठाचे ‘एकमत’ आणि ‘विभाजित निकाल’

प्रश्न असा आहे: ‘नागपूर खंडपीठाच्या एकलपीठाने’ असे बातमीत येते. खंडपीठ दोन न्यायमूर्तींचे असते ना? आणि त्या दोघांचे एकमत झाले नाही, तर ‘विभाजित निकाल’ म्हणावे का?

घोळ ‘खंडपीठ’ शब्दातच आहे, कारण तो आपण दोन अर्थांनी वापरतो. सिव्हिल लाइन्समधले नागपूर खंडपीठ म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे विदर्भासाठीचे ठिकाण. १९३६ पासून राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होते. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमातल्या कलम ४१ मध्ये इथे किमान तीन न्यायमूर्तींनी बसावे अशी तरतूद झाली. दुसरे खंडपीठ म्हणजे दोन न्यायमूर्तींचे पीठ. त्यामुळे नागपूर खंडपीठात एकलपीठही (एकाच न्यायमूर्तींचे पीठ) बसते, खंडपीठही बसते आणि क्वचित पूर्णपीठही. (पूर्णपीठ म्हणजे सगळे न्यायमूर्ती नव्हेत, बहुधा तीन.) ‘नागपूर खंडपीठातील एकलपीठाने’ असे लिहिले की अर्थ लागतो. दुसऱ्या अर्थाच्या वेळी मी सरळ ‘दोन न्यायमूर्तींच्या पीठाने’ लिहीन.

आता एकमत. दोघे सुनावणी एकत्र ऐकतात, आपसांत चर्चा करतात, एक जण निकालपत्र लिहितो आणि दुसऱ्याला पटले तर तो त्यावर सही करतो. निष्कर्ष पटला पण कारणे वेगळी असली, तर तो स्वतंत्र सहमतीचे मत जोडतो. दोघांत ‘बहुमत’ संभवतच नाही, म्हणून ‘दोन न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला’ यातले ‘एकमताने’ फुकट जाते. तीन जणांच्या पीठाबद्दल लिहिताना मात्र तो शब्द हवाच, कारण तिथे दोन विरुद्ध एक असाही निकाल लागू शकतो.

‘विभाजित निकाल’ मला चूक वाटतो. मते दुभंगतात तेव्हा निकाल लागलेलाच नसतो. लेटर्स पेटंटच्या (उच्च न्यायालय स्थापन करणाऱ्या सनदेच्या) खंड ३६ नुसार दोघे मतभेदाचा मुद्दा नेमका नोंदवतात. त्या मुद्द्यापुरतीच दुसऱ्या एका किंवा अधिक न्यायमूर्तींपुढे सुनावणी होते आणि आधीच्या दोघांसह सर्वांची मते मोजून बहुमत ठरते. फौजदारी अपिलाची रीत वेगळी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम ४३३ प्रमाणे दोन्ही मतांसह सगळे अपीलच तिसऱ्याकडे जाते आणि निकाल त्याच्या मताप्रमाणे लागतो. कोणाही न्यायमूर्तीने मागणी केली, तर मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी होते.

माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या ‘फॅक्ट चेक युनिट’चे, म्हणजे केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का हे ठरवणाऱ्या सरकारी कक्षाचे, मुंबई उच्च न्यायालयातले प्रकरण पाहा. न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते ३१ जानेवारी २०२४ रोजी भिन्न आली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांचे मत २० सप्टेंबरला आले, तरी अंतिम आदेश त्यानंतर दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. म्हणून जानेवारीच्या बातमीत ‘न्यायमूर्तींची मते भिन्न, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे’ हेच मराठी बरोबर होते. ‘मतभेद’ही चालेल, पण त्याला भांडणाचा वास येतो; ‘मतभिन्नता’ बरा.

आणखी एक खबरदारी घ्यावी. ‘संमतीने निकाल’ हे शब्द न्यायमूर्तींच्या एकमतासाठी वापरू नयेत. संमती पक्षकारांची असते. संमती हुकूमनामा म्हणजे वादी-प्रतिवादींनी आपसांत तडजोड केली आणि न्यायालयाने ती नोंदवली.