आधी कोठी, मग बेत

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे कळले. आठवड्याचा बेत आधी कागदावर मांडून मग सामान जमवण्याची रीत दानाच्या धान्यावर चालणाऱ्या घरात टिकत नाही. तेथे सकाळी प्रथम कोठी पाहावी आणि जे सर्वांत लवकर नासणार आहे त्यावर बेत ठरवावा. पालेभाजी आणि पिकलेले टोमॅटो आजचे, वांगी उद्याची, लाल भोपळा व कांदे थांबू शकतात.

देणारे लोक गहू, तांदूळ आणि डाळ देतात. मोहरी, लसूण, चिंच, गूळ, शेंगदाणे सहसा कोणी देत नाही. म्हणून हातातली थोडकी रोख रक्कम धान्यावर न घालवता फोडणीच्या सामानावर खर्च कर. पोट दानाने भरते, चव मात्र विकत आणावी लागते, आणि रोज तीच फिकी आमटी वाढली की मुलांना आपण कोणाच्या तरी उपकारावर जेवतो आहोत हे जाणवू लागते.

बाजार उठताना मिळणाऱ्या भाजीत फ्लॉवर आणि मुळ्याचा पाला पुष्कळ असतो. जाड शिरा काढून तो बारीक चिरावा आणि बेसन पेरून परतावा. दोडक्याच्या शिराही टाकू नकोस; तीळ, लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर परतून त्यांची उत्तम चटणी होते. मात्र दुधी आणि दोडका चिरताना प्रत्येकाचा लहानसा तुकडा चाखून पाहण्याची सक्ती कर, कारण कडू निघालेले फळ विषारी असू शकते. ते कितीही मोठे असले तरी पूर्ण फेकून द्यावे.

घरोघरची मूठमूठ डाळ एकाच पोत्यात आली असेल तर ती वरणाला लावू नकोस, कारण मसूर विरघळून जाते तोवर हरभऱ्याची डाळ कच्चीच असते. ती रात्रभर भिजवून, उपसून जाडसर वाटावी, त्यात तिखट, मीठ, जिरे आणि चिरलेला पाला घालून गोळ्यांची आमटी करावी. (धिरडीही होतील, पण साठ मुलांसाठी एका तव्यापाशी कोणी उभे राहायचे?) आमटीला खळखळून उकळी आल्यावर आधी एकच गोळा सोडून पाहावा; तो फुटला तर मिश्रणात मूठभर बेसन मिसळावे. डाळ जुनी असल्यास चिंच, आमसूल किंवा टोमॅटो ती पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबट आधी पडले की डाळ दाद देत नाही.

सरकारी योजनेतून आलेल्या तांदळात काही दाणे वेगळ्या रंगाचे आणि पाण्यावर तरंगणारे दिसू शकतील. ते प्लास्टिकचे समजून निवडून टाकणाऱ्या मावशींना समजावून सांग की ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व घातलेले दाणे असून साधारण 100 दाण्यांत 1 या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात.

मंगल कार्यालयातून रात्री उशिरा येणाऱ्या भाताबाबत मात्र कठोर राहा. शिजलेले अन्न 5 ते 60 अंश तापमानात तासन्‌तास राहिले की त्यात जंतू वाढतात, आणि भातातल्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात केव्हा शिजवला आणि तोवर कसा ठेवला होता, याचे नेमके उत्तर मिळाले नाही तर नम्रपणे नकार द्यावा. दाता नाराज झाला तरी चालेल.

दिवाळीनंतर शेवेचे डबे साचतील. खवट वास नसेल तर कांदा-खोबरे भाजून खानदेशी पद्धतीचा झणझणीत रस्सा कर, पण शेव ताटात वाढतानाच घाल. पातेल्यात आधीच घातलीस तर त्याचे पिठले होईल.

कळावे, लोभ असावा.